सुटलेला पंजा

१

कागदाचा दीड टनाचा रोल गुरुजींच्या अंगावर पडला तेव्हा गोदामात आणखी अकरा माणसं होती. त्यांतल्या दहा जणांनी पोलिसांना सांगितलं, चूक बारक्याची. अकरावा बारक्याच होता, आणि त्याचं कोणी ऐकून घेतलं नाही.

गुरुजी हे गोदामातले चेकर. मोत्यासारखं अक्षर आणि खिशाला दोन पेनं, म्हणून कारखान्याने त्यांना गुरुजी करून टाकलं होतं. बारक्या सहा फूट दोन इंच. दारातून येताना मान वाकवायचा, म्हणून तो बारक्या. तो रोल उचलणारं मशीन चालवायचा. साध्या फोर्कलिफ्टला पुढे दोन सरळ दांडे असतात. या मशीनला त्यांच्या जागी दोन वाकडे पोलादी हात होते. ते रोलला दोन्ही बाजूंनी कवटाळून धरत. कामगार त्याला पंजा म्हणत.

पंजा उघडायच्या लिव्हरवर एक लाल बटण असतं. अंगठ्याने ते दाबून धरलं आणि मग लिव्हर ओढला, तरच पंजा उघडतो. नुसत्या लिव्हरने तेलाचा रस्ता खुला होत नाही. शेजारीशेजारी तीन लिव्हर असतात, हात चुकू शकतो. चुकलेल्या हाताने वजन सुटू नये म्हणून हे लॉक.

बारक्या म्हणत होता, "मला रोल पुढे झुकवायचा होता. चुकून पंजाच्या लिव्हरला हात लागला. बटण मी दाबलंच नाही."

पोलिसांनी दुपारी साडेबाराला मशीन सील केलं. दुसऱ्या दिवशी सील काढून, सगळ्यांसमोर तपासलं, पुन्हा सील केलं. लॉक ठणठणीत होतं. बटण दाबल्याशिवाय पंजा उघडेना. म्हणजे बारक्याने बटण दाबलं होतं, आणि आता तो खोटं बोलत होता. हिशेब सरळ होता.

तिसऱ्या दिवशी फाइल कारखाना तपासणीच्या कार्यालयात बाईंच्या टेबलावर आली. वरिष्ठांनी वर पेन्सिलने लिहिलं होतं, 'चालकाची चूक. लवकर निकाली काढावे.' बाई बावन्न वर्षांच्या होत्या. राग आला की त्यांचा आवाज चढण्याऐवजी खाली जायचा, आणि कार्यालयातल्या लोकांना त्या खालच्या आवाजाची धास्ती होती.

"एक दिवस बघून येते," त्या अगदी हळू म्हणाल्या.

गोदामाच्या दारावर फलक होता, 'अपघाताविना सलग दिवस'. खाली आकडा होता दोन. माणूस मेला त्या दिवशी शून्य करून दुसऱ्या दिवसापासून कोणीतरी इमानेइतबारे मोजायला लागलं होतं. बाई त्या आकड्यापाशी थोडा वेळ उभ्या राहिल्या.

पोलिसांना बोलावून त्यांनी सील काढून घेतलं आणि मशीनच्या सीटवर बसल्या. बटणाशिवाय लिव्हर वीस वेळा ओढला. पंजा हलला नाही. बटण दाबून ओढला, उघडला. मॅनेजर शेजारी हात बांधून उभा होता. कडक इस्त्रीचा शर्ट, मवाळ बोलणं.

"मॅडम, आमची यंत्रणा चोख आहे. माणसाचं काय करणार?"

बाई लिव्हरची मूठ बघत होत्या. मुठीचं काळं प्लास्टिक तळहाताने घासून गुळगुळीत झालं होतं. वरच्या खुणा पार पुसल्या होत्या.

"हे लाल बटण कधी बदललंय का?"

"छे, मशीनबरोबर आलंय. चार वर्षं झाली. एकदाही तक्रार नाही."

"दिवसाला किती रोल उतरवतं हे मशीन?"

"अडीचशे तरी."

बाईंनी बटणावर अंगठा फिरवला. त्यावरचा पांढरा बाण दुकानातून आणल्यासारखा कोरा करकरीत होता. चार वर्षं, रोज अडीचशे वेळा ज्याच्यावर अंगठा पडला, ते बटण असं दिसत नाही.

२

बारक्या बहिणीकडे राहायचा. पोलिसांनी एक रात्र ठेवून सोडला होता. बहीण घरीच शिवणकाम करायची. पुढच्या खोलीत दोन शिलाई मशीनं, आणि खिडकीच्या फुटलेल्या काचेवर पुठ्ठा लावलेला.

"काच कोणी फोडली?" बाईंनी विचारलं.

"माहीत नाही," बहीण म्हणाली. "गुरुजींची बायको काल आली होती. तिने नाही फोडली. ती दारात उभी राहून एवढंच म्हणाली, तुझ्या भावाने माझं घर बुडवलं. मग निघून गेली. काच फोडली असती तर बरं झालं असतं."

बारक्या आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसला होता. एवढा मोठा माणूस, पण जमिनीवर सांडल्यासारखा.

"पोलिसांना सांगितलं ते मला परत सांगायचं नाही," बाई म्हणाल्या. "त्यांनी विचारलं नाही ते सांग. लाल बटण तू रोज दाबायचास?"

"नाही. कधीच नाही."

"कधीच?"

"बाई, मी दोन वर्षांपूर्वी लागलो. पहिल्याच दिवशी विचारलं, हे कशाचं. म्हणाले, जुन्या हॉर्नचं आहे, बंद पडलंय. लिव्हर ओढला की पंजा उघडायचा. मी दुसरं काही बघितलंच नाही. पोलिसांना सांगितलं तर ते म्हणाले, चल दाखव. गेलो, तर त्यांच्यासमोर लॉक चाललं." त्याने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "मला वाटायला लागलंय की मीच दाबलं असेल. दहा माणसं सांगतायत. मी एकटा किती खरा असणार?"

"गुरुजी कुठे उभे होते?"

"खाली, बाजूला. वर धरलेल्या रोलचं लेबल त्यांनी स्कॅन केलं, बीप झालं, ते दोन पावलं मागे सरले. मी रोल झुकवायला गेलो. तेवढंच. शेजारी खडूच्या भुकटीची पोती रचली होती. रोल पोत्यांवर आदळून गुरुजींच्या कमरेवर गेला. पोती फुटली. सगळं पांढरं. मला माझे हात दिसेनात."

"मग?"

"मी खाली उडी मारली. मॅनेजरसाहेबांनी मला धरून बाहेर नेलं, ऑफिसात बसवलं, दार ओढून घेतलं. म्हणाले, तू इथून हलू नकोस, रुग्णवाहिका निघालीय."

बाई उठल्या. बहीण दारापर्यंत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तो जेवत नाहीये. खोटं बोलणारा माणूस पोटभर जेवतो, बाई. मी अशांच्या घरी संसार केलाय."

३

दुसऱ्या दिवशी बाईंनी गोदामातल्या खोलीत एकेकाला बोलावलं.

मॅनेजरने सांगितलं की अपघात अकरा पन्नासला झाला आणि दोन मिनिटांत त्याने स्वतः रुग्णवाहिकेला फोन केला. खडूची पोती एरवी गोदामात नसतात. कागद पांढरा करायला लागणारी ही भुकटी पाण्यात कालवलेली, टँकरने येते. त्या दिवशी टँकर नादुरुस्त होता, म्हणून पहिल्यांदाच पोती आली आणि सकाळी दहाला इथे उतरली. "दुर्दैव," तो म्हणाला.

मग फोरमन आला. साठीला टेकलेला, खांदे पडलेले. रोज सकाळी मशीन तपासल्याच्या तक्त्यावर त्याची सही होती. 'लॉक ठीक.' चार वर्षं, एकही दिवस न चुकता.

"ठीक होतं का?"

"सही आहे ना माझी?" तो गुरकावला. "मग तेच. आत टाकायचं तर टाका."

"अपघात झाला तेव्हा काय केलंत?"

"जॅक आणायला पळालो. रोलखाली जॅक लावत होतो. शेवटपर्यंत तेच करत होतो. रोल गोल असतो बाई, जॅक घसरतो. तीनदा घसरला." त्याने हात टेबलाखाली घेतले. 

वायरमन तिशीचा, चुणचुणीत, पण सारखा घड्याळाकडे बघणारा. कारखान्यातलं विजेचं सगळं काम त्याच्याकडे.

"मी नव्हतोच तिथे," तो म्हणाला. "मागे पंपघरात मोटर उघडून बसलो होतो. सायरन ऐकला तेव्हा आलो. तोवर गुरुजींना गाडीत घालत होते."

"आत गेलात?"

"गेलो. काय दिसणार? नुसतं पांढरं. दिव्यांभोवती धुक्यासारखं. हातभर अंतरावरचं माणूस ओळखू येईना. माझ्या तर नाकातोंडात गेलं." त्याने मान हलवली. "गुरुजी चांगला माणूस. माझ्या लेकीच्या शाळेचा फॉर्म त्यांनीच भरून दिला होता."

शेवटी पॅकिंगमधली मावशी आली. रोलखाली अडकलेल्या गुरुजींचा हात शेवटपर्यंत तिने धरला होता. ती न रडता बोलली.

"शुद्धीवर होते हो. पाणी मागितलं. मग विचारायला लागले, गाडी आली का. दर थोड्या वेळाने, गाडी आली का. मॅनेजरसाहेब बिचारे तिथेच होते, सारखे सांगत होते, निघालीय, निघालीय. पण कुठे अडकली कोण जाणे, बराच वेळ आलीच नाही. तोवर तर ती धूळसुद्धा खाली बसली."

बाईंनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. "धूळ खाली बसली? गाडी येण्याआधी?"

"हो तर. गाडीवाले आले तेव्हा सगळं लख्ख दिसत होतं. त्यांनी लांबूनच आम्हाला हात केला."

४

बाईंनी फोरमनला परत बोलावलं आणि बोल्ट खोलायचा पाना आणायला सांगितला.

"लॉकची वायरिंग कुठे असते?"

"चालकाच्या पायाखाली. वर रबरी चटई, तिच्याखाली लोखंडी प्लेट, सहा बोल्ट."

"आधी बाकीच्या दोन मशीनच्या प्लेटा उघडा."

त्या दोन्ही मशीनची लॉकं चालत होती. पहिली प्लेट निघाली. आत झिरपलेल्या तेलाचा चार वर्षांचा काळा मळ, जाड सायीसारखा. त्या मळात, बटणाच्या जोडणीपासून तेलाच्या झडपेपर्यंत, एक बारीक स्वच्छ रेघ उमटली होती. वीतभर लांब, काडीएवढी रुंद. दुसऱ्या मशीनमध्ये तशीच रेघ, त्याच जागी.

"इथे एक वायर होती," बाई म्हणाल्या. "बटणाला वगळून थेट झडपेला जाणारी. चार वर्षं पडून होती, म्हणून तिच्याखाली मळ साचला नाही. आणि कोणीतरी ती नुकतीच काढली."

फोरमन काढलेले बोल्ट गोळा करायला लागला.

"आता बारक्याचं मशीन उघडा. सावकाश."

काल जाताना बाईंनी पुन्हा लावून घेतलेलं सील पोलिसाने काढलं, मग चटई निघाली. प्लेटच्या कडेने रबरी पट्टी होती, धूळ-पाणी आत जाऊ नये म्हणून, आणि ती शाबूत होती. फोरमनने सहा बोल्ट काढले आणि प्लेट उचलली.

आत तीच रेघ होती, पण काळ्या मळात स्वच्छ दिसणारी नव्हे. सगळा मळ, ती रेघ, झडप, वायरींचे जुडगे, सगळ्यावर पिठासारखी पांढरी भुकटी बसली होती.

फोरमनच्या हातातून प्लेट सुटून खणकन खाली पडली.

"हे आत कसं गेलं?" त्याचा आवाज फाटला. "इथे धूळ जात नाही. चार वर्षांत गेली नाही."

"तुम्हीच सांगा."

"खडू त्या दिवशी दहाला आला. त्याआधी इथे खडूचा कण नव्हता. साडेबाराला पोलिसांनी सील लावलं. परवा तपासलं तेव्हाही प्लेटला कोणी हात लावला नाही." तो बोलता बोलता थांबला आणि मशीनला टेकला. "बाई, म्हणजे हवेत भुकटी उडत असताना ही प्लेट उघडी होती. मी तिकडे जॅक लावत होतो, इकडे माझ्या पाठीमागे कोणीतरी प्लेट उघडून बसलं होतं."

"वायर होती हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं." आता तो थांबेना. "दोन्ही कृती करायच्या तर ट्रक भरायला वेळ लागतो, म्हणून मशीनं आली तेव्हाच मॅनेजरने तिन्हींना घालायला लावली. तोंडी. कागद नाही. मी नाही म्हणालो तर म्हणाला, घरी बसा. मी सही करत राहिलो. दुसऱ्या दिवशी लॉक चाललं तेव्हा माझं डोकंच चालेना. विचारायची छाती झाली नाही. बारक्या खोटा ठरतोय हे दिसत होतं आणि मी गप्प बसलो."

"चार वर्षं सही केलीत," बाई म्हणाल्या. आवाज इतका खाली गेला होता की फोरमनला पुढे वाकावं लागलं. "त्या सहीखाली आता एक माणूस आहे. हे मी तुम्हाला माफ करणार नाही. पण आज जे बोललात ते सगळं लिहून द्या."

त्याने तिथेच, मशीनच्या पायरीवर बसून लिहून दिलं.

५

प्लेट कधी उघडली हे कळलं होतं. बाईंना आता मिनिटं हवी होती.

त्यांनी खडूचं एक पोतं मागवलं, रिकामं गोदाम बंद करून घेतलं आणि दोन माणसांकडून ते उंचावरून आपटवलं. गोदाम पांढरं झालं. बाई नाकाला रुमाल लावून घड्याळ धरून उभ्या राहिल्या. पाच मिनिटांनी अंधूक दिसायला लागलं. बाराव्या मिनिटाला समोरच्या भिंतीवरची अक्षरं वाचता आली. पंधराव्याला हवा स्वच्छ होती आणि भुकटी जमिनीवर.

मग त्यांनी गुरुजींच्या स्कॅनरची नोंद काढायला लावली. स्कॅनर रोलखाली चिरडला होता, पण प्रत्येक बीप त्याच क्षणी ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर जाते. शेवटची बीप पडलेल्या रोलचीच होती. वेळ अकरा अडतीस.

रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षाने आपली नोंद पाठवली. फोन आला अकरा बावन्नला. गाडी पोचली बारा वाजून चार मिनिटांनी.

"कॉम्प्युटरचं घड्याळ पुढेमागे असेल," मॅनेजर म्हणाला. पहिल्यांदाच त्याच्या कपाळावर घाम दिसला.

बाईंनी त्याच्यासमोर नियंत्रण कक्षाला फोन लावला आणि बोलता बोलता एका रोलचं लेबल स्कॅन केलं. दोन्हीकडे एकच मिनिट उमटलं.

चौदा मिनिटं. एक माणूस रोलखाली शुद्धीवर होता, आणि चौदा मिनिटं कोणी रुग्णवाहिका बोलावली नव्हती. बाईंनी इस्पितळातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "शपथेवर नाही सांगता येणार. पण रक्तस्राव होता. दहा मिनिटं आधी आले असते तर मी आज तुमच्याशी वेगळं बोलत असतो."

संध्याकाळी वरिष्ठांचा फोन आला. कारखान्याच्या मालकांनी त्यांच्याशी बोलणं केलं होतं. "तुम्हाला मी एक दिवस दिला होता."

"मला चौदा मिनिटं सापडली आहेत," बाई म्हणाल्या. "ती तुम्ही निकाली काढणार असाल तर तसं सहीनिशी लिहून पाठवा."

फोन ठेवला गेला. कागद आला नाही.

६

वायरमनला त्यांनी पंपघरातच गाठलं. मोटारीचा आवाज होता, तो त्यांनी बंद करायला लावला.

"त्या दिवशी तुम्ही सायरन ऐकून गोदामात आलात."

"हो."

"सायरन वाजला बारा चारला. अपघात अकरा अडतीसला. मधे सव्वीस मिनिटं. तेवढ्यात खडू केव्हाच खाली बसला होता. मी बघितलंय. मावशीने बघितलंय. गाडीवाल्यांनी बघितलंय. दिव्यांभोवती धुकं फक्त पहिल्या काही मिनिटांत होतं. तुमच्या नाकातोंडात गेलं, असं तुम्हीच म्हणालात."

वायरमनने हातातला टेस्टर खिशात ठेवायचा प्रयत्न केला. खिसा सापडेना.

"तिन्ही मशीनना वायर तुम्ही घातलीत. काढलीतही तुम्हीच. कोणती वायर कुठे ते अंदाजाने ओळखणं दुसऱ्या कोणाला त्या धुळीत जमलं नसतं."

 तो पाण्याच्या पाइपावर बसला.

"आवाज ऐकून मी पळत आलो," तो म्हणाला. "मी पहिलं गुरुजींकडेच निघालो होतो, बाई. मॅनेजरने दंड धरला. मी विचारलं, गाडी सांगितली का. म्हणाले, सांगितली, पाच मिनिटांत पोचेल. रोल उचलणं तुझ्या हातात नाही, फोरमन बघतोय. तुझ्या हातात आहे ते कर. पोलीस यायच्या आत प्लेट उघड, नाहीतर आपण सगळे जाऊ. मला वाटलं, खरंच माझ्या हातात तेवढंच आहे. एरवी या कामाला अर्धा तास लागतो. मी जीव तोडून केलं. गाडी कोणत्याही क्षणी येईल म्हणून."

"बाकीची दोन?"

"ती संध्याकाळी, निवांत." त्याने तोंड वेडंवाकडं केलं, जणू तो शब्द कडू लागला होता. "मॅनेजर म्हणाले, तू पंपघरात होतास असं सांग. पण बाई, गाडीला इतका उशीर का झाला? मी मनात त्या गाडीवाल्यांना शिव्या घालतोय चार दिवस."

बाईंनी नियंत्रण कक्षाचा कागद त्याच्यापुढे धरला. त्याने वाचला. परत वाचला.

"अकरा बावन्न," तो म्हणाला.

"अपघाताचा फोन गेला की कक्षवाले पोलिसांनाही कळवतात. गाडी आणि पोलीस एकत्रच निघतात. हे मॅनेजरला माहीत होतं. म्हणून आधी प्लेट, मग फोन."

वायरमनचा चेहरा पांढरा पडत गेला.

"मी शेवटचा बोल्ट आवळला," तो म्हणाला. "चटई सारखी केली. त्यांच्याकडे बघून म्हणालो, झालं. तेव्हा त्यांनी खिशातून फोन काढला. मला वाटलं, घरी करतायत." त्याने कागद बाईंना परत दिला, पण हात तसाच पुढे राहिला. "म्हणजे मी 'झालं' म्हणेपर्यंत ते थांबले होते. मी हळू केलं असतं तर आणखी थांबले असते. मी न करताच निघून गेलो असतो, तर..."

बाईंनी त्याचं वाक्य पुरं केलं नाही. ते त्याचं त्याने करायचं होतं.

"जबाब इथे देताय की पोलीस ठाण्यात?"

"इथेच. आत्ता. मग मला गुरुजींच्या घरी नेऊन सोडा."

"ते तुम्ही स्वतःच्या पायांनी जा," बाई म्हणाल्या.

७

मॅनेजरला दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसातून उचललं. वाटेत तो पोलिसांना सांगत होता की त्याने कोणालाही हात लावलेला नाही. ते अगदी खरं होतं. वायरमन माफीचा साक्षीदार झाला आणि त्याचा परवाना गेला. फोरमनने राजीनामा देऊन तक्त्यांची चार वर्षांची चळत स्वतः आणून दिली. तिन्ही मशीनना सील लागलं. मालक म्हणाले, त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. बाईंनी त्यांचंही नाव अहवालात घातलं, कारण माहीत करून घेणं हे त्यांचं काम होतं. बारक्याच्या नावापुढे त्यांनी एकच वाक्य लिहिलं, 'चालक पहिल्या दिवसापासून खरं बोलत होता.'

महिन्याभराने चौकशी अधिकाऱ्यांपुढे सुनावणी झाली. लांबट खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर गोल घड्याळ. जामिनावर सुटलेला मॅनेजर वकिलाशेजारी बसला होता. बारक्या सगळ्यांत मागे. त्याची बहीण आणि गुरुजींची बायको शेजारीशेजारी बसल्या होत्या. आदल्या आठवड्यात ती बहिणीच्या घरी येऊन गेली होती. दोघी काय बोलल्या ते कोणाला माहीत नाही, पण खिडकीला नवी काच बसली होती.

वकिलाने दीड तास युक्तिवाद केला. गोंधळाच्या प्रसंगी माणूस भांबावतो, म्हणाला. वेळेचं भान राहत नाही. चौदा मिनिटं कागदावर फार वाटतात, प्रत्यक्षात ती कशी निघून जातात ते कळतही नाही.

बाई मुठी आवळून ऐकत होत्या.

शेवटी अधिकाऱ्यांनी गुरुजींच्या बायकोला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. ती उठली. साधी सुती साडी, हातात कापडी पिशवी.

"सांगायचं काही नाही," ती म्हणाली. "मला इथे चौदा मिनिटं उभं राहायचंय. साहेबांनीही राहावं."

वकील उठला. "याला काय अर्थ आहे? याची कायद्यात तरतूद..."

"उभं राहायला तरतूद लागत नाही," अधिकारी म्हणाले. त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि ते स्वतःच उभे राहिले. मग खोलीतले सगळे उठले. मॅनेजर सगळ्यांत शेवटी.

पहिली दोन मिनिटं लोक एकमेकांकडे बघत होते. चौथ्या मिनिटाला कोणी खोकलं. पाचव्याला वाटलं की आता संपत आलं असेल, आणि घड्याळात अजून नऊ उरली होती. बाहेर एक ट्रक आला, मागे वळला, निघून गेला. मावशी हात पुढे करून उभी होती, जणू अजून कोणाचा तरी हात तिच्या हातात होता. फोरमन जमिनीकडे बघत होता. वायरमन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. बाई मनात मोजत होत्या, खिशातून फोन काढायला किती वेळ लागतो. चार सेकंद. आकडे दाबायला आणखी पाच.

नवव्या मिनिटाला मॅनेजर खाली बसला. त्याने रुमालाने मान पुसली आणि वकिलाला काहीतरी विचारलं.  वकील उभाच राहिला.

गुरुजींच्या बायकोने मॅनेजरकडे एकदाही पाहिलं नाही. ती घड्याळाकडे बघत होती. काटा चौदा खुणा पुढे सरकला तसा तिने पिशवीचा बंद खांद्यावर नीट केला.

"एवढा वेळ होता त्यांच्याकडे," ती म्हणाली, आणि दाराकडे चालू लागली.